दहापैकी चार

मार्मलेड कडू असावं.
हे आधीच सांगून टाकतो,
म्हणजे ज्यांना उठायचंय त्यांनी खुशाल उठावं.
गोडच हवं असेल तर जॅम आहे, मध आहे,
सेलरडाइकच्या धक्क्यावर उन्हाळ्यात आइस्क्रीमची गाडी येते.

साल जाड कापावी, दातांना कळेल इतकी.
आलं नको. व्हिस्की तर नकोच.
व्हिस्की पेल्यात शोभते; तिला उकळून मारणाऱ्याशी
मी फार वेळ बोलत नाही.
आणि टोस्ट गार होऊ द्यावा,
नाहीतर लोणी वितळून सगळं मनगटावरून कोपरापर्यंत.
हे इशबेलला पटत नसे. ती गरमच खायची.
स्वतःचं कोपर चाटता येत नाही,
तरी प्रयत्न करायची.

जानेवारीत तीन आठवडे सेव्हिलची संत्री येतात,
खडबडीत, डागाळलेली, बियांनी गच्च.
नुसती तोंडात टाकली तर कानापर्यंत आंबतं.
फळवाला टॅम दोन पेट्या बाजूला ठेवतो
आणि दर वर्षी विचारतो,
"एकट्या माणसाला एवढी?"

भिंतीपलीकडे मिसेस पिटकेथली राहायच्या.
त्यांचं मार्मलेड म्हणजे, काय सांगू,
पिवळी काच. आरपार पेपर वाचावा.
साल केसाएवढी, पाक मलमलीतून दोनदा गाळलेला,
आणि गोड, नव्या पाद्र्याच्या बोलण्यासारखं गोड.
सव्वीस वर्षं, फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी,
कुंपणावरून एक बरणी इकडे, एक तिकडे.
"छान झालंय हं."
"तुमचंही."
दोघंही धडधडीत खोटं.
त्यांच्या बरण्या मी केकमध्ये ढकलल्या,
चर्चच्या विक्रीत दिल्या,
एक तर गांधीलमाश्यांच्या सापळ्यात घातली.
माश्यांना फार आवडली.

गेल्या नोव्हेंबरात त्यांचा पाय मोडला.
भाची त्यांना पर्थला घेऊन गेली,
जाताना मला म्हणाली, फडताळ आवरायला याल का?
सगळ्यात वरच्या फळीवर माझ्या बरण्या,
वर्षावार, माझ्याच वाकड्या अक्षरांसकट.
म्हटलं, झालं. एकीलाही हात लावलेला नाही.

लावला होता.
प्रत्येकीतून एक चमचा गेलेला. एकच.
खळगा अजून तसाच, कडा शाबूत.
दाट पाक काही विसरत नाही.
आणि तारखेखाली पेन्सिलीने
(बत्तीस वर्षं गणित शिकवलं बाईंनी):
चार. चार. तीन, साल कच्ची.
चार. पाच.
मग पाच खोडून साडेचार.

इशबेल गेली त्या वर्षी माझा पाक करपला होता.
ढवळायचं सोडून मी खिडकीशी उभा होतो,
समोर समुद्र होता की नव्हता आठवत नाही.
तरी बरण्या भरल्या. तरी कुंपणावरून दिली.
त्या बरणीवर आकडा नव्हता.
आणि तेवढी एकच रिकामी होती,
धुऊन, पुसून, झाकण लावून
रांगेत आपल्या जागी.

घरी येऊन मी आधी चिडलो. चार म्हणजे काय!
मग त्यांची एक बरणी सापडली, न्यायाला न्याय म्हणून
चमचाभर खाल्ली.
गोड. फारच गोड.
दुसरा चमचाही गोडच निघाला.

या जानेवारीत टॅमने काही विचारलं नाही.
साल मी जाडच कापली, ती कुणासाठीही बारीक होणार नाही.
गार बशीवर थेंब टाकला, बोटाने ढकलला,
सुरकुती पडली, गॅस बंद केला.
एक बरणी पर्थच्या बसने पाठवली,
कागदात गुंडाळून, सोबत टोक केलेली पेन्सिल.

काल पोस्टकार्ड आलं.
तीन, असं लिहिलंय.
खाली बारीक अक्षरात:
इथला टोस्ट भिकार आहे,
त्याचे गुण तुमचे कापलेले नाहीत.