ओठ मिटलेले, दात सुटे

माझ्या फळीवर या गावाचे जबडे आहेत.
प्लास्टरचे, पिवळट, एकावर एक रचलेले,
प्रत्येकाच्या बुडाला पेन्सिलीने आकडा.
नाव लिहायचं नाही असा नियम आहे.
मला नाव लागतही नाही.
तीनशे बारा म्हणजे शाळेतली लेखनिक वाल्वे,
सुळे सपाट, कुणी कानस फिरवल्यासारखे.
तिचा नवरा फिनलंडला बांधकामावर गेला
त्याला दोन हिवाळे झाले.
येईल की, काम संपलं की येईल,
असं ती दिवसा सगळ्यांना सांगते.
रात्री दाढा वेगळं सांगतात.

जिभेला हाड नसतं,
म्हणून ती हवी तशी वळते.
दातांना वळता येत नाही.
ते झिजतात.

रोस्तिस्लाव आला तो डोकं दुखतं म्हणून.
तेलखडकाच्या खाणीत पाळीप्रमुख,
बसला तशी खुर्ची कुरकुरली.
डोळे तपासून झाले होते, मेंदूचा फोटोही,
रक्तदाब चढलेला, बाकी सगळं ठीक.
"झोप?"
"ओंडक्यासारखी."
मी त्याच्या कानाखाली बोट ठेवलं.
स्नायू अक्रोडाएवढा, अक्रोडासारखाच टणक.
"कसली काळजी आहे का?"
"काळजी बायका करतात," तो म्हणाला,
आणि माझ्या बोटाखाली अक्रोड हलला.

गावात कुजबुज होतीच.
तिसरी पाळी बंद होणार, यादीत चौदा नावं,
यादी त्याच्या खिशात,
मार्चपर्यंत तोंड उघडायचं नाही असा वरून हुकूम.
चौदांतला एक त्याचा साडू हाइनो.
दर शनिवारी त्याच्याच शेजारी वाफेत बसायचं,
त्याच्या पाठीवर बर्चच्या डहाळ्या मारायच्या,
आणि आवंढा गिळायचा.
गिळलेलं पोटात जातं असं लोक समजतात.
मी रोज बघते ते कुठे जातं.
झोपेत वर चढतं, आणि चावत बसतं.

मी त्याला दातांवर घालायची पट्टी करून दिली.
तीन आठवड्यांनी तिचे दोन तुकडे
रुमालात बांधून घेऊन आला,
कप फोडलेल्या पोरासारखा.
दुसरी जाड केली. ती नाताळात तडकली.
तिसरी देताना सगळ्यांना सांगते तेच सांगितलं,
ओठ मिटा, दात सुटे ठेवा, जीभ टाळूला अलगद.
"एवढंच?" तो हसला.
"एवढंच. आत्ता करून बघा."
अर्धा मिनिटही जमलं नाही त्याला.
घाम आला.

पुढचं मला झिनाइदाने सांगितलं,
त्याची बायको, पैसे द्यायला आली तेव्हा.
फेब्रुवारीतल्या एका शनिवारी
डहाळी मध्येच खाली ठेवून तो बोलला.
हाइनो उठला, तसाच बाहेर गेला,
बर्फात उभा राहिला,
उघड्या खांद्यांवरून वाफ निघत होती.
महिनाभर दोन्ही घरांत येणंजाणं नाही.
मग उरलेल्या तेरा दारांवर
रोस्तिस्लाव स्वतः गेला. एका दारात थप्पड खाल्ली.
"आता घोरतो," झिनाइदा म्हणाली,
लॉटरी लागल्यासारखी.
"आधी शेजारी खडी दळल्याचा आवाज यायचा."

रक्तदाब उतरला का, माहीत नाही.
ते माझं खातं नव्हे.
यादीत मात्र आता पंधरा नावं आहेत.

तिसरी पट्टी त्याने परवा दाखवायला आणली.
एकच ओरखडा,
तोही बोट फिरवलं तर लागतो.
झिजलेलं परत येत नाही, हे मी त्याला सांगितलं.
"ठाऊक आहे," म्हणाला, आणि खुर्चीत बसून राहिला,
उठायची घाई नसल्यासारखा.

फळीच्या टोकाला एक जबडा आहे, बिनआकड्याचा.
आईच्या घराचं कुलूप भावाने बदललं
त्या वर्षीचा.
डावीकडची दुसरी दाढ बघा.
भावाला मी अजून फोन केलेला नाही.

दुकान बंद करून बसथांब्यावर उभी आहे. उणे अकरा.
ओठ मिटलेले.
दात,
थांबा, बघते.