अजून ठेव

पाचव्या दिवशी बाटल्या काढून टाकायच्या,
नियम तसा आहे.
मशीन म्हणतं, काही नाही.
लेबलवर नाव कन्नडमध्ये,
खाली माझ्या अक्षरात मराठीत:
भरमाण्णा कोलकार, वय बावन्न, खासबाग.
आतल्या रक्ताला दोन्ही वाचता येत नाही.

शहापुरातल्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो.
दोन महिने रोज दिवेलागणीला ताप.
टायफॉइडच्या गोळ्या झाल्या, मलेरियाच्या झाल्या,
यल्लम्माच्या डोंगराला जाऊन झालं.
दाढ काढली होती का, मॅडमनी विचारलं
तेव्हा बायको म्हणाली, होय की,
शिमग्याच्या आधी, टिळकवाडीत.
त्याचा काय संबंध?

मॅडम अथणीच्या.
छातीवर स्टेथो बराच वेळ ठेवला
आणि मला फोनवर एवढंच:
"इन्नू स्वल्प दिवस इडु. अजून ठेव."

ठेवली.
वाट बघायचं या गावाला कुणी शिकवायला नको.

बाटलीतला थेंब प्लेटवर पसरला.
तापवलेल्या रक्ताची प्लेट, कुंद्याच्या रंगाची,
इथल्या माणसाला दुसरी उपमा सुचत नाही.
बरणीत शेजारी मेणबत्ती पेटवली,
झाकण घट्ट लावलं.
ज्योत आतली हवा खाते आणि विझते.
ती विझल्यावरच
त्यांचं सुरू होतं.

हे जंतू झडप घालणारे नव्हेत.
हृदयाच्या झडपेवर येऊन बसतात,
दाराशी चपला काढून आलेल्या पाहुण्यासारखे,
आणि मग उठतच नाहीत.
मूळचे तोंडातलेच. हिरडीत, जिभेखाली,
जन्मभर कुणाचं वाईट न केलेले.

सातवा दिवस. नववा.
रविवारी घरी खोटं सांगून
बरणी बघायला आले.
अकराव्या दिवशी प्लेट ट्यूबलाइटखाली तिरकी धरली:
खसखशीच्या दाण्याहून लहान,
दोन. नाही, सात.
कुणाला हाक मारली नाही.
आधी पुन्हा मोजले.

आता चार आठवडे शिरेतून औषध.
वॉर्डात गेले तर म्हणाला,
"म्हणजे माझ्याच तोंडातलं म्हणा की, बाई!
तीस वर्षं फुंकतोय,
सगळं भाईरच जात असंल म्हटलं."
आणि दाढ नसलेल्या बाजूनं हसला.
झडप बदलायची की नाही
ते अजून ठरायचंय.

रात्री चूळ भरताना
जीभ आपोआप माझ्या हलत्या दाढेशी जाते.
थोडी थांबते तिथे.