डावा डोळा

लक्ष्मीपुरीतल्या त्या दुकानात शिरताना
मी चपला बाहेर काढल्या.
"असू द्यात की बाई," जैनुद्दीन शिकलगार म्हणाले,
"हितं काय देव न्हाईत."
त्यांच्या मागं भिंतीला, एकाच साखळीत ओवलेल्या
सात-आठ रायफली,
गंगावेशीत धारेला उभ्या केलेल्या म्हशींसारख्या
गप.

"मालक आल्यात का संगं?"
"न्हाईत."
आले नाहीत, की नाहीतच,
ते त्यांनी विचारलं नाही.

मी यादी नेली होती,
पोस्टातल्या रद्द पावतीच्या पाठीवर लिहिलेली.
किंमत. वजन. आवाज किती होतो.
परवाना लागतो का.
आणि खाली, बारीक अक्षरात:
रात्री घरात एकटं माणूस असेल तर?
ती ओळ मी अंगठ्याखाली धरली.

"पॉइंट टू टू म्हणाल तर कलेक्टर कचेरी,
पोलिसांची चौकशी, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे जबाब,
वरीस कुठं गेलं कळायचं न्हाई.
आन् इलेक्शन लागलं की ठाण्यात जमा.
चोर काय आचारसंहिता बघून येतोय व्हय?"
"आणि ही छऱ्याची?"
"ही आजच न्या. नेम शिकवंल.
माणूस अडवायची न्हाई.
ते काम कुत्र्याचं, कडीचं आन् शेजाऱ्याचं."

शेजारी.
बहिरेश्वरच्या माझ्या घराला तिन्ही बाजूंनी ऊस.
तोड झाली की पलीकडच्या वस्तीवरचा बल्ब दिसतो,
दोन महिने.
मग पुन्हा ऊस.
भाद्रपदात एका रात्री
मागच्या दाराची कडी कुणीतरी बाहेरून
हळू, अगदी हळू हलवली,
झोपलेल्या पोराच्या मुठीतून काही काढून घ्यावं तशी.
मी खुरपं धरून उजाडेपर्यंत उभी.
हे त्यांना सांगितलं नाही.

त्यांनी दस्ता माझ्या कोपराच्या बेचक्यात बसवला,
बोट चापापर्यंत पोचतं का पाहिलं,
"बोट बाहेरच. रिकामी हाय म्हणून कुणी सांगितलं तरी
भरलेलीच समजायची. मी सांगितलं तरी."
मग म्हणाले, हात लांब करा.
तळव्यांची खिडकी करा. एवढीशी.
तिच्यातनं समोरच्या बेकरीच्या पाटीवरचा 'ख' बघा.
आता डावा डोळा मिटा.

'ख' गेला.
खारीही गेली, पाटीही.
आता उजवा मिटा.
'ख' जागच्या जागी.

"बघा," ते हसले,
"तुमचा मालक डोळा डावा."

पाटीवर डाव्या हातानं 'अ' काढला होता
तेव्हा पेरांवर बसलेली लाकडी पट्टी.
पानात तो हात गेला की आईची नजर.
मग नैवेद्य उजव्यानं, कुंकू उजव्यानं,
सही, शिक्के, मनीऑर्डरी,
तेहतीस वर्षं सगळं उजव्यानं,
आणि हा इतका वेळ डोक्यात बसून
आपलं आपण बघत होता.

खुरपं त्या रात्री कुठल्या हातात होतं,
ते मला दुकानात, उभ्या उभ्या आठवलं.

दोन्ही खांद्यांना चालेल अशी घेतली,
सगळ्यात महागडी नव्हे.
एसटीत ती आडवी मांडीवर.
कंडक्टर म्हणाला, "काय हाय वं एवढं लांब?"
"पडद्याचा रॉड."
त्यानं त्याचं तिकीट लावलं नाही.

संध्याकाळी न्हाणीच्या भिंतीशी मातीचं पोतं,
पोत्यावर तीच पावती टाचणीनं.
दहा मीटर, पावलांनी मोजलेले.
दस्ता डाव्या खांद्याला लावला आणि गालाला
थंड लाकूड लागलं.

पहिला छर्रा उसात.
दुसरा कुठं गेला देव जाणे.
पाचवा 'वजन' आणि 'आवाज' यांच्या मधोमध,
मसुराएवढं भोक,
त्यातून माती दिसायला लागली.

शेवटच्या ओळीला अजून एकही लागलेला नाही.
अंधार पडतोय.
डबीत बरेच आहेत.