पो-नाशोमु

ऑलिफंटमध्ये एकाच रस्त्यावर तीन कांदेघाटी घुमट
आणि तिघांचं आपसांत बोलणं नाही.
एक रोमला मानतो, एक मॉस्कोला,
तिसरा का फुटला ते ठाऊक असलेले सगळे
आता टेकडीवर, दगडांखाली.

मेट्रो जुबाय दर महिन्याला माझ्या खिडकीशी यायचा
रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला.
मेट्रो म्हणजे आगगाडी नव्हे. द्मित्रो.
कोळशाच्या खाणीतल्या कारकुनाला आजोबांचं नाव
एवढंच ऐकू आलं, तेच नातवापर्यंत टिकलं.

मी गोळ्या मनात मोजते, पण ओठ हलतात.
काचेपलीकडून तो: द्वा, त्री, श्तिरी, प्यात.
मी म्हणाले, पाच.
तो म्हणाला, प्यात.
रांगेतली बाई खोकली.

एकदा विचारलं, देवळातही हेच बोलता?
छे, तिथली भाषा जुनी, फक्त देवाला कळते.
तिच्यात कोंबडी हाकलता येत नाही.
मला आमचे भटजी आठवले. हसू आलं.
मग घरच्या भाषेचं नाव काय?
तो थांबला. टोपी काढली, परत घातली.
जनगणनेच्या माणसाला आई दर खेपेला वेगळं सांगायची:
रशियन, स्लोवाक, एकदा तर ऑस्ट्रियन.
घरात नुसतं पो-नाशोमु.

त्या रात्री तवा तापत ठेवून
मी तो शब्द मराठीत आणायला गेले
आणि उंबऱ्यात अडकले.
आमच्या बोलीत, की आपल्या?
त्याच्याकडे दोन्हींना एकच शब्द.
आमच्याकडे तेवढ्यात
कोण आत, कोण बाहेर, ठरून जातं.
पोळी करपली.

फेब्रुवारीत तो गेला.
पाद्री ओहायोचा, तरुण, सगळं इंग्रजीतून.
पण मुलगी हटून बसली:
होस्पोदी पोमिलुय, चाळीस वेळा, जुन्या भाषेतच.
सातजण होते. सूर धरणारा पेटीत.
पंधरा-सोळानंतर मोजणी विस्कटली,
एकजण पुढे, एक मागे, एकीला हुंदका.

मी शेवटच्या बाकावर, अंगठा पेरांवर.
बारा. बारा. बारा.
मुलगीनं वळून नुसत्या भुवयांनी विचारलं.
मी चार बोटं वर केली.
श्तिरी, ती पुटपुटली.

ते चार मीही म्हटले.
उच्चार चुकला असणार.
कुणी वळून पाहिलं नाही.