अठ्ठाविसावा

ऑफिसच्या नकाशात अठ्ठावीस दगड आहेत.
मी तीनदा मोजले. सत्तावीस.
एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून,
मग प्रत्येकावर खडूनं आकडा घालत.
सातव्यावर सरडा होता, तो हलेपर्यंत थांबले.

जीप मला सालईगडाच्या पायथ्याशी सोडून
काटोलकडे निघून गेली.
टेप, होकायंत्र, चार पोळ्या, ठेच्याची डबी.
शिवरात्र परवावर.
यात्रेकरू रिंगणातूनच वर जातात,
खांद्यावर त्रिशूळ, टोकाला खोचलेलं लिंबू,
दमले की जो दगड हाताशी येईल
त्याला पाठ लावून संत्रं सोलतात.
तीन हजार वर्षं, असं मला शिकवलंय.
त्यांना तो फक्त कोमट लागतो.

आत कोण आहे, कुणालाच ठाऊक नाही.
मागे कधी खणलं तेव्हा
घोड्याचा लगाम निघाला होता म्हणे
आणि काळ्या-तांबड्या मडक्याचा काठ.
घोडा नाही. त्याचं नावही नाही.

झिबल उईके, चौकीदार, पाणी घेऊन आला.
"किती भरले जी, मॅडम?"
"सत्तावीस."
"मंग बराबर हाय."
"नकाशात अठ्ठावीस आहेत."
"तो गेला ना जी गडावर, यात्रेले.
माह्या आज्याच्या वख्ताले.
वापसच नाई आला."

चारशे बारा पायऱ्या. पळस इतका पेटलेला
की खाली बघत चढले.
देवळाच्या अलीकडे, वरून तिसरी पायरी:
शेंदराखाली आठ खळगे, चार-चारच्या दोन ओळी,
अगदी खालच्या नवव्या दगडासारखे.
सावनेरहून आलेली एक बाई
खळग्याखळग्यात तेलाचा थेंब सोडत होती.
"नंदीचे खूर होय जी," ती म्हणाली,
"इथूनच चढला तो."
मी टेप काढला.
मागून कोणी ओरडलं, "रस्ता द्या ना, मॅडम!"
मग चप्पल काढली, आणि पावलानंच मोजला:
तीन पावलं, वर चार बोटं.
टाचेला तेल लागलं.

रजिस्टरमध्ये तीनच रकाने असतात,
सुस्थितीत, भग्न, गहाळ.
पेनचं टोपण बराच वेळ तोंडात धरून बसले,
शेवटी टोपणच लावलं.

खाली उतरताना ऊन कललं होतं.
समोरून एक म्हातारा येत होता, लिंबू डुलवत,
दर दहा पायऱ्यांनी हर बोला म्हणत,
आणि माझ्या शेजारून वर गेला तेव्हा दिसलं,
पांढऱ्या खडूत, त्याच्या निळ्या बंडीवर,
दोन खांद्यांच्या मधोमध
उलटा सात.