गुर्म

उम्म अल कुवैनच्या खोरात
शुक्रवारी ओहोटीला उतरतो आम्ही सहाजण,
आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत.
खल्फान म्हणाला होता: गुर्म.
मला ऐकू आलं कूर्म,
आणि मी चिखलात कासव शोधत राहिलो.
रोवेना अजून हसते त्यावर.

गुर्म म्हणजे आपलं तिवर.
तेच, नाक वर काढून श्वास घेणारं,
पानावर मीठ. जिभेला लावून पाहिलं.
मोफिज्जल गाळातून जुनं जाळं उपसतो,
शाजी हिवाळ्यातली रोपं मोजतो:
चारशेतली एकशे बारा.
काही उंटांनी खाल्ली, काही शेवाळानं गिळली,
काही आमच्याच पायांखाली गेली.

खल्फानच्या काकांनी टाकलेला भराव
तो बोटानं दाखवतो, कुणी विचारलेलं नसताना.
मग मीही सांगून टाकतो:
वाशिष्ठीच्या मुखाशी, कोलंबीच्या तळ्यासाठी
बाबांनी तिवरांवर कोयता चालवला
तेव्हा फांद्या ओढायला मी होतो.
नऊ वर्षांचा. मजा आली होती.

कुणीच काही बोलत नाही.
पाणी चढू लागतं.
रोवेना माझ्या हातात एक रोप देते,
"फार खोल नको," म्हणते,
"बी वरच राहू दे."