फोटोखाली

काउंटरमागं भिंतीवर एक बाई असायची,
कु. सुलक्षणा बिरादार, बी. फार्म.
दोन वेण्या, डोळे जरा मिटल्यासारखे,
खाली गोल शिक्का आणि सहा आकडी नंबर.
रोज शटर वर गेलं की
मी ओल्या फडक्यानं तिचा चेहरा पुसायची.
"या मॅडम कधी येतात?" पहिल्याच आठवड्यात मी विचारलं.
शिवहार अप्पा नोटा मोजत होते.
"त्या येत नसतात. त्यांचा कागद येतो."

तेव्हा मी अकरावीला. उदगीरात,
चार ते नऊ, महिन्याला बाराशे.
औषधं मला रंगानं पाठ होती,
साखरेची हिरवी पट्टी, बीपीची लाल काठाची.
डॉक्टरचं अक्षर लागायचं नाही,
खोकं मात्र बरोबर सापडायचं.
एकदा नाही सापडलं.
दोन नावं, एका अक्षराचा फरक,
गिऱ्हाईक पायऱ्या उतरून गेल्यावर लक्षात आलं
आणि मी अनवाणी पळाले स्टँडपर्यंत,
देगलूर गाडीच्या खिडक्या बडवत.
म्हातारा मिळाला. गोळी अजून मुठीतच होती.
त्या रात्री फोटोतल्या बाईला म्हटलं,
तू इथं पाहिजे होतीस.

सीईटी झाली. पर्याय भरायचे होते.
दादांसोबत दोन कॉलेजं बघून आले.
एक हायवेला, निळ्या काचा, दारात कारंजं,
लॅबमधल्या बरण्यांना अजून प्लॅस्टिक गुंडाळलेलं.
क्लार्क म्हणाला, "रोज यायची गरज नाही ताई,
हजेरीचं आम्ही बघू."
दादांना ते फार पटलं. खोलीभाडं वाचत होतं.

दुसरं नांदेडला. छत गळकं,
जिन्यातच कसलातरी गोडसर, डोकं धरणारा वास.
खाजामियां नावाचे लॅबवाले मामा ब्युरेट धूत बसले होते.
काय विचारावं सुचेना, म्हणून विचारलं,
"महिन्याला किती फुटतात?"
"धा-बारा. पोरं हात लावतात ना, बेटी."
तिथला एक खल मी उचलून बघितला.
तळाची चकाकी गेलेली,
बोट फिरवलं तर खरखर.
एक नंबरला तेच टाकलं.
दादा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

चार वर्षांचं काय सांगू,
मेसची आमटी, एक राहिलेला विषय,
आणि हातांना तो वास, अजून आहे.

माझा कागद आला त्याच आठवड्यात
लोहाऱ्याहून फोन:
"मॅडम, घरी बसून महिन्याला सहा हजार.
तुम्ही येऊ नका. फक्त फ्रेम पाठवा."
फोन स्पीकरवर होता.
आईच्या शिलाई मशीनचं चाक थांबलं.
मी नाही म्हणाले.
किती चटकन लिहून झालं हे.
त्या नाहीचे हप्ते बँकेत अजून चालू आहेत.

आता अहमदपूरला. दुकान दुसऱ्याचं,
फोटो माझा आणि फोटोखाली मी.
परवा संध्याकाळी एक बाई आल्या.
केस पिकलेले, एकच वेणी,
पण डोळे तेच. सात वर्षं पुसलेत मी ते,
चुकेन कशी?
थायरॉईडची बाटली मागितली.
मी सवयीनं सांगत गेले,
सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर,
कॅल्शियमची गोळी चालू असेल तर ती मात्र...
"चार तासांनी," त्यांनीच पुरं केलं.
मग दोघी गप्प.
मागं एक पोरगा खोकत उभा होता.

मी काही विचारलं नाही.
सुट्टे पैसे पर्समध्ये टाकताना त्यांनी वर बघितलं,
भिंतीकडं, माझ्याकडं, पुन्हा भिंतीकडं.
"फोटोत डोळे उघडे आलेत तुझे,"
म्हणाल्या,
आणि पायऱ्या उतरल्या.